पंधरा किलोतलं लेह

आमच्या पलीकडच्या वहिनी लेहला निघाल्यात, हे गल्लीत आता कुणाला सांगायचं राहिलेलं नाही. गौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला ओटीबरोबर ही बातमीही मिळाली होती. तिकिटं कधीचीच काढलेली. सामानाला हात लागला तो मात्र विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, आणि तेव्हापासून मधल्या भिंतीवरून सारखी हाक येते.

"अहो ताई, तुमच्याकडची ती लोकरीची कानटोपी देता का? ह्यांच्यासाठी."

"परवा दोन नेल्यात की."

"त्या दिवसाच्या. ही रात्रीची."

कानटोपी दिली. वर हेही सांगितलं, की आपली माणसं थंडीला उगाच इतकं घाबरतात. सप्टेंबरात लेहला दुपारी उन्हात साध्या सदऱ्यावर फिरता येतं आणि रात्री पारा पाच-सहा अंशांवर येतो. एकावर एक चढवता-उतरवता येतील असे पातळ कपडे हवेत. वहिनींनी काढलेला तो सासऱ्यांचा ओव्हरकोट नको. तो एकटाच अडीच किलोचा असेल.

"पण फोटोत बरा दिसतो," वहिनी म्हणाल्या.

हे खरं कारण. आणि फोटोवरून आठवलं, वहिनींच्या भावजयीनं त्यांच्या डोक्यात भलतंच भरवलंय. '३ इडियट्स'चा शेवट पँगाँग तलावाकाठी झाला, त्यामुळे तिथे आता पिवळी स्कूटर भाड्यानं मिळते. तिच्यावर बसून नवरीच्या वेषात फोटो काढायचा असतो म्हणे. भावजयीनं काढला. मग नणंदेनं मागं का राहावं? तेव्हा लाल पैठणी, तिच्यावरचं पोलकं, नथ, आणि पैठणीला सुरकुत्या पडू नयेत म्हणून तिच्याभोवती गुंडाळायला एक सुती धोतर, एवढं सगळं बॅगेत गेलंय. पँगाँग ४,२०० मीटरच्या वर. वारा असा, की पदर आवरू की नथ सांभाळू. पण मी गप्प बसले. पैठणीच्या बाबतीत कुणी कुणाला सल्ला देऊ नये.

तेवढ्यात समोरचे आप्पा आले. आप्पा म्हणजे फौजेतले निवृत्त सुभेदार. साताऱ्यात गल्लीआड एक सुभेदार सापडतो, त्यात नवल नाही. पण आमच्या आप्पांची नोकरीतली काही वर्षं लडाखमध्ये गेली आहेत, म्हणून वहिनींच्या यादीला त्यांची सही लागते, असं भाऊंनीच ठरवलंय. भाऊ म्हणजे वहिनींचे यजमान. रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि स्वभाव धसकी.

आप्पांनी भिंतीला टेकून पहिला प्रश्न टाकला, "वहिनीसाहेब, जायचं कसं? रस्त्यानं का इमानानं?"

"विमानानं. पुणे-दिल्ली रात्री, आणि पहाटे दिल्ली-लेह. सकाळी आठला आम्ही तिथे!"

"आन् दुसऱ्या दिवशी?"

"तेच तर! पहिले दोन दिवस त्या सहलवाल्यांनी काहीच ठेवलेलं नाही. कार्यक्रमात छापलंय, 'विश्रांती'. आता सांगा, एवढे पैसे भरून झोपायला जायचं? झोपायला काय, घरी पलंग नाही? मी ह्यांना म्हटलं, आपण आपली वेगळी गाडी करू आणि दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला ही खिंड उरकून घेऊ."

आप्पा हसले नाहीत. म्हणाले, "आमाला फौजेत लेहच्या उंचीवर सहा दिवस ठेवायचे. विशीतली पोरं, रोज पळणारी. पयले दोन दिवस निस्तं पडून. मग थोडं चालणं, मग जरा चढ. त्याच्या वर जायचं तर आनखी चार दिवस. तवा कुटं पुढं. आन् तुमी भाऊंना दुसऱ्या दिवशी खारदुंगला नेताय?"

"महाबळेश्वरला तर आम्ही दरवर्षी जातो."

मला राहवलं नाही. महाबळेश्वर १,४०० मीटरच्या आतबाहेर. लेह ३,५०० मीटर. आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. दोन कळसूबाया एकावर एक रचल्या तरी लेह दोनशे मीटरनं वर उरतं. खारदुंग ला आणखी वर, साडेपाच हजाराला थोडंच कमी. तिथल्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं. नव्या मोजणीत उंची साडेसतरा हजारांच्या आसपास भरते. पण पाटीसमोर फोटो काढणाऱ्याला त्या आठशे फुटांचं काय! हवेचा दाब लेहमध्येच समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशावर आलेला असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू एक-तृतीयांशानं कमी. गाडीनं चढत गेलं तर शरीराला वाटेत थोडी तरी कल्पना येते. विमानातून उतरणाऱ्याला काहीच नाही. दिल्लीत चहा प्यायला आणि तासा-सव्वातासात थेट तिथे.

भाऊ आतून ऐकत होते, हे ते बाहेर आले तेव्हा कळलं. त्यांच्या हातात दोन वस्तू. एक भीमसेनी कापराची पुडी, दुसरं करोनात घेतलेलं ते बोटाला लावायचं यंत्र.

"कापराचा वास घेतला की ऑक्सिजन वाढतो ना हो आप्पा? मोबाईलवर आलं होतं."

"नाकाला गार वाटतं. ऑक्सिजन जेवढा हाय तेवढाच. कापूर आरतीला ऱ्हाऊ द्या."

"आणि हे यंत्र?"

यंत्रावरून बरीच चर्चा झाली. करोनात चौऱ्याण्णवच्या खाली आकडा आला की आपल्या पोटात गोळा यायचा. लेहला नव्यानं उतरलेल्या धडधाकट माणसाचाही आकडा पहिल्या दिवशी नव्वदच्या खाली असू शकतो आणि ते तिथलं नेहमीचं आहे. भाऊंनी तो बघितला, तर आकड्यापेक्षा आकड्याच्या भीतीनंच ते आडवे होतील. आप्पांचं म्हणणं, यंत्र वहिनींनी ठेवावं, भाऊंना दाखवू नये आणि लक्ष माणसाकडे द्यावं. डोकं दुखणं, भूक जाणं, झोप नीट न लागणं हे पुष्कळांना होतं आणि स्वस्थ पडल्यावर उतरतं. पण बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जायला लागला, माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर कार्यक्रम, पैसे, पैठणी काही न बघता दवाखाना गाठायचा आणि खाली उतरायचं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी भाऊंच्या डॉक्टरांना विचारूनच. ज्यांना सल्फाची औषधं सोसत नाहीत त्यांनी तर आधी सांगायलाच हवं. पहिल्या रात्री झोपेची गोळी नको आणि दारूही नको.

"दारू हे घेतच नाहीत," वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी आकाशाकडे बघितलं. आम्हीही बघितलं.

आता खाण्याचा विषय. मी तो काढला नव्हता, वहिनींनीच काढला. चिवडा, दशम्या, धपाटे, लसणाची चटणी, मेतकूट, गूळपोळ्या, लोणचं. शिवाय एक किलो तांदूळ आणि छोटं पातेलं, खोलीवर मऊ भात करायला. ह्यांना दुसरं काही पचत नाही म्हणे.

इथे मी आडवी आले. लेहला पाणी शंभर अंशांवर उकळत नाही, ८८ च्या आसपासच उकळतं. उकळी जोरात दिसते, पण पाण्याला पुरता ताव नसतो. उघड्या पातेल्यातला तांदूळ कणीदार राहतो आणि डाळ तर शिजायचं नावच घेत नाही. म्हणून तिथे घरोघरी कुकर. हॉटेलवाल्याला दोन शिट्ट्या जास्त करायला सांगितलं की मऊ भात मिळतो, त्यासाठी साताऱ्याहून पातेलं कशाला? आणि चिवड्याची ती हवाबंद पाकिटं वर जाऊन उशांसारखी फुगणार. बाहेरचा दाब कमी, आतली हवा इथलीच. शाम्पूच्या बाटलीचंही तेच. विमानात दाब धरून ठेवलेला असतो, लेहच्या विमानतळावर तो त्याहूनही कमी, तेव्हा बाटलीचं झाकण खोलीवर उघडायचं ते मोरीतच आणि तोंड लांब ठेवून.

लसणाच्या चटणीचं खोबरं किसून झालं होतं, ते बरं. कारण गणपतीत जमलेल्या नारळांच्या सुकवलेल्या वाट्याही वहिनींनी बॅगेत टाकल्या होत्या, येता-जाता चघळायला. सुकं खोबरं विमानाच्या सामानात चालत नाही, तेलामुळे पेट घेण्याची भीती असते. विमानतळावर बॅग उघडायला लावतील आणि मग रांगेतल्या लोकांसमोर पैठणी, धोतर, कानटोप्या, सगळं बाहेर. ह्या चित्रानं काम केलं. वाट्या निघाल्या. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीतून काढून मोठ्या बॅगेत गेली.

खोबरेल तेल मात्र न्यायलाच हवं, असं आप्पांनी सांगितलं. तिथली हवा इतकी कोरडी, की नाकाच्या आत भेगा पडून रक्त येतं, ओठ फुटतात. पण चिंचोळ्या तोंडाची बाटली नको. चोवीस अंशांच्या खाली खोबरेल थिजतं, मग बाटली आपटत बसा. रुंद तोंडाच्या डबीत न्यायचं, बोटानं काढता येतं. ऊन तर असं, की थंडी वाजत असताना नाक भाजून निघतं. म्हणून काळा चष्मा, रुंद काठाची टोपी आणि ते उन्हाचं मलम, यावर काटकसर करू नका. वहिनींनी मलम सगळ्यात शेवटी लिहिलं होतं, कंसात 'जागा उरली तर'.

रेनकोटावरून आप्पांचं आणि माझं वाजलं. मी म्हणत होते, लेहला वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे घाटमाथ्यावर तेवढा जुलैतल्या एका दिवसात पडतो. भाऊंचे गमबूट काढा. आप्पा म्हणाले, २०१० च्या ऑगस्टमध्ये ढगफुटी झाली, लेहमध्ये माणसं वाहून गेली, तेव्हा डोंगराला शंभर मिलिमीटर शिकवू नये. शेवटी तडजोड निघाली. गमबूट बाहेर, पातळ विंडचीटर आत. वारा आणि पाऊस दोन्ही अडवतो.

मग माझं लक्ष पिशव्यांकडे गेलं. वहिनींची बांधाबांध म्हणजे एका बॅगेत चाळीस कॅरीबॅगा. मोजे एकीत, ती दुसरीत, दोन्ही मिळून तिसरीत. त्यांना सांगितलं, लेहमधल्या बायकांच्या संघटनेनं नव्वदच्या दशकातच गावातून प्लास्टिकच्या पिशव्या हटवल्या. आपल्याकडे राज्यभर बंदी आली २०१८ मध्ये आणि ती किती पाळतो ते मंडईत दिसतंच. बाजारात झोमसा नावाचं दुकान आहे, तिथे उकळलेलं पाणी थोड्या पैशात बाटलीत भरून मिळतं. घरून स्टीलची बाटली न्यावी. पाणी तिथे तसंही सारखं प्यावं लागतं.

"तुम्ही कधी गेला होता, ताई?"

"भाचा गेला होता."

भाच्यानं आणखी एक सांगितलं होतं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. वहिनींचा चेहरा उतरला, तो प्राणवायूच्या आकड्यानंही उतरला नव्हता. फोटो काढायचे आणि गल्लीच्या ग्रुपवर त्याच दिवशी टाकायचे नाहीत? लगेच मुलाला फोन. त्याचं पोस्टपेड आहे, ते दहा दिवसांसाठी आईला. मुलगा काय वापरणार, हा प्रश्न कुणी काढला नाही.

एक मात्र मला खटकतंच, ते बोलून टाकते. एवढं लांब जाऊन पिठलं-भाकरी मिळाली म्हणून आनंदानं नाचणारे आपले लोक मला समजत नाहीत. तिथे थुक्पा मिळतो, शेवयांचं गरमागरम सूप. खंबीर नावाची जाड पोळी मिळते, लोणी आणि जर्दाळूच्या मुरंब्याबरोबर. स्क्यू म्हणून आपल्या वरणफळांच्या घराण्यातला एक प्रकार आहे, कणकेचे चपटे गोळे आणि भाज्या. भाजलेल्या सातूचं पीठ लोक चहात कालवून खातात. ह्यातलं भाऊंना न पचण्यासारखं काय आहे? मिठाचा लोण्याचा चहा मात्र पहिल्या घोटाला सगळ्यांनाच कळतो असं नाही, तो त्यांनी आप्पांच्या नावानं सोडावा.

"मला आवडायचा," आप्पा म्हणाले.

एवढ्यात गल्लीत रद्दीवाला आला. वहिनींना सुचलं, त्याच्याकडे आकड्याचा काटा आहे. विमानात मोठी बॅग पंधरा किलो, हातातली सात. दोघांच्या दोन मोठ्या बॅगा ओसरीवर आणल्या. भाऊंची भरली साडेअकरा. वहिनींची एकोणीस किलो आठशे.

"काटा बिघडलाय तुझा," वहिनी म्हणाल्या.

"काकू, ह्याच काट्यावर मागल्या आठवड्यात तुमची रद्दी घेतली. तवा बरा हुता."

मग अर्धा तास भाजी निवडावी तशी बॅग निवडणं चाललं. आधी ओव्हरकोट निघाला, मग तांदूळ, पातेलं. तिसरी कानटोपी माझ्याकडे परत आली. दशम्या निम्म्या झाल्या. लोणचं निघालं आणि परत गेलं. भाऊंच्या गोळ्या, दोघांची आधार कार्डं आणि रोख पैसे हातातल्या पिशवीत आले, कारण मोठी बॅग मागं राहिली तर गोळ्या मागून येऊन उपयोग नाही, आणि पँगाँगच्या रस्त्यावर एटीएम शोधत कोण बसणार. सोळा किलो शंभर झाले. आता उरलं होतं ते पैठणी, धोतर, नथेची डबी.

आप्पा म्हणाले, "ते दुसऱ्या दिवसाच्या गाडीचं रद्द करा. मग भाऊंच्या बॅगेतली साडेतीन किलोची जागा तुमाला मिळवून देतो."

वहिनींनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ पटकन म्हणाले, "मला झोपायला चालेल."

"दोन दिवस?"

"दोन्ही दिवस."

वहिनींनी फोन लावला. गाडीवाल्याशी त्या पाच मिनिटं आगाऊ रकमेवरून भांडल्या आणि निम्मी परत मिळवली. मग पैठणी सन्मानानं भाऊंच्या बॅगेत गेली, गमबुटांच्या रिकाम्या जागी.

रद्दीवाला अजून उभाच होता. ओसरीवरच्या ओव्हरकोटाकडे बघून त्यानं विचारलं, "काकू, ह्यो किलोवर द्यायचा का नगावर?"