चि. दीड किलोच्या लॅपटॉपास

चि. लॅपटॉप यास,
मुक्काम अकोला, भाचीची गादी.

मामाचे अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, गेल्या रविवारी भर दुपारी तू एका घरचं लग्न मोडलंस.

लग्न गेममधलं होतं, हे मान्य. म्हणून काय झालं? परीक्षा संपल्यापासून भाचीने ‘द सिम्स ४’मध्ये वाडा उभा करायला घेतला होता. चौक, चौकाभोवती ओसरी, माडीवर जाणारा जिना, आजोबांसाठी आरामखुर्ची, आणि तुळशीवृंदावन काही जमेना म्हणून त्या जागी बरी दिसेल अशी एक कुंडी. हा गेम एका घरात आठांपेक्षा जास्त माणसं राहू देत नाही, म्हणून धाकट्या काका-काकूंना शेजारी वेगळं बिऱ्हाड थाटून द्यावं लागलं. त्यावरून खऱ्या काकूंनी टोमणेही मारून घेतले. नवरीच्या मैत्रिणींना मुंबईचे कपडे हवे होते, तेही मिळाले. २०२१ साली या गेमसाठी ‘फॅशन स्ट्रीट’ नावाचं किट निघालं, ते मुंबईच्या रस्त्यांवरच्या फॅशनवरच बेतलेलं आहे. एवढी जय्यत तयारी. पाहुणे यायला लागले, नवरी कमानीखाली उभी राहिली आणि तू थिजलास.

पडद्यावरचं घड्याळ पुढे सरकत होतं, माणसं सरकत नव्हती. नवरदेव भिंतीकडे तोंड करून उभा. आजोबा खुर्चीत बसण्याच्या बेतात, पण ते बसणं काही पुरं होईना. एक पाहुणी हातात ताट घेऊन जागच्या जागी पाय आपटत राहिली. समारंभाला गेमने दिलेला वेळ संपला आणि शपथा घ्यायच्या राहूनच गेल्या. मग तुझा पंखा एकदम टिपेला गेला, पडदा काळा झाला आणि सकाळपासूनची सगळी जमवाजमव गेली, कारण सेव्ह करायचं राहिलं होतं.

मामाने तुझ्या पोटाखाली हात घातला आणि चटका बसताच काढून घेतला. भाचीने विचारलं, “मामा, गेला का हा?” तिची आजी आतून म्हणाली, “आता याले बी कूलर पायजे का बाप्पा?”

गेला नव्हतास. जरा थंड झाल्यावर उठलास आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने पासवर्ड मागितलास.

किरकोळ आरोप आधी उरकून घेऊ. चार्जर काढला की तू आणखी मंदावतोस. तुझा पंखा सुरू झाला की गेममधल्या माणसांची बोली, सिम्लिश, स्पीकरमधून ऐकू येत नाही. ती भाषा तशीही कुणाला कळत नाही, तेव्हा ते माफ. कळफलकाचा मधला भाग असा तापतो की टायपिंग बोटं उचलून-उचलून करावं लागतं. यूएसबीच्या खाचा दोन, त्यातली एक माउसने अडवलेली. हे सगळं चालवून घेता येतं.

चालवून घेता येत नाही ती तुझी दुकानातली वागणूक. दुकानात एसीच्या झोतात तू कसा होतास ते आठव! दुकानदाराने एक खिडकी उघडली, दुसरी उघडली, एका सिनेमाचा ट्रेलर लावला आणि तू सगळं चुटकीसरशी करून दाखवलंस. “दहा कोअर आहेत ताई, नुसता उडेल,” असं तो म्हणाला तेव्हा तू एका शब्दाने त्याला अडवलं नाहीस.

आता त्या दहा कोअरचा हिशेब. तुझ्या जातीच्या हलक्या लॅपटॉपांत बसवला जाणारा इंटेलचा आय-फाइव्ह १२३५यू उदाहरणाला घेऊ. त्याचं माहितीपत्रक कुणालाही वाचता येतं. वेग ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत. दहा कोअर, पण त्यातले दमदार दोन आणि काटकसरी आठ. सलग काम करताना १५ वॅटच्या हिशेबाने चालायचं आणि जोर लावायचा झाला तर ५५ वॅटपर्यंत जायचं, अशी त्याची मांडणी. आता ५५ वॅटची उष्णता बोटभर जाडीच्या पेटीतून एक चिमुकला पंखा किती वेळ बाहेर फेकणार? चिप शंभर अंशांच्या आसपास पोचली की जीव वाचवायला आपला वेग आपणच खाली आणते. शिवाय तुला माणसाच्या मांडीवर बसायचं असतं, म्हणून पेटीचा पत्रा फार तापू नये यासाठीही तुझी वीज आखडती ठेवलेली असते. थोडक्यात, लग्नातल्या वाढप्यांची रीत: पहिल्या पंगतीला जिलेबीचा आग्रह, तिसऱ्या पंगतीला हाका मारल्या तरी कुणी फिरकत नाही. पत्र टाइप करायचं, बँकेचं काम करायचं, तर पहिल्या पंगतीतच सगळं आटोपतं. दुकानदारही तेवढंच दाखवतो. संसाराचा गेम मात्र तासन्‌तास चालतो, म्हणजे भाचीच्या वाट्याला कायम तिसरी पंगत.

“घरातली माणसंच तर फिरवायची आहेत, त्यात कसलं आलंय ओझं,” असं तू म्हणशील. गोळीबार नाही, गाड्यांची शर्यत नाही. इथेच तुझं अज्ञान उघडं पडतं. १९९१ साली अमेरिकेत ओकलंडच्या टेकड्यांवर मोठी आग लागली आणि त्यात हा गेम रचणाऱ्या विल राइट यांचं घर जळालं. घर पुन्हा उभं करताना माणसाला कुठल्या वस्तू खरोखर लागतात, याचा त्यांनी विचार केला आणि त्या विचारातून पुढे २००० साली ‘द सिम्स’ बाहेर आला. त्यातली खुबी अशी की अक्कल वस्तूंमध्ये भरलेली आहे. फ्रिज जाहीर करतो की माझ्याकडे भूक भागेल, पलंग म्हणतो माझ्याकडे झोप, टीव्ही म्हणतो करमणूक. प्रत्येक माणूस आपली भूक, झोप, आंघोळ, एकटेपणा बघतो, सगळ्या वस्तूंच्या जाहिराती तोलतो आणि कुठे जायचं ते ठरवतो. एका माणसाचं हे ठीक. पण वाड्यात शेकडो वस्तू आणि लग्नाला जमलेली वीस माणसं, कारण ‘सिम्स ४’ एका जागी साधारण तेवढीच येऊ देतो, हे सगळे एकाच वेळी ठरवायला लागले की काय होत असेल? बरं, हे काम दहा जणांत सारखं वाटूनही देता येत नाही. नवरदेव कोणत्या खुर्चीवर बसला हे ठरल्याशिवाय आजोबांची खुर्ची ठरत नाही. म्हणून एक-दोन कोअर घामाघूम होतात आणि बाकीचे बघत उभे राहतात.

चित्राचं तर बोलायलाच नको. तुला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्याची वेगळी मेमरीही नाही. जी ८ जीबी रॅम आहे तीच गेमने वापरायची, विंडोजने वापरायची आणि त्यातूनच चित्रासाठी उसनी द्यायची. त्यातही रॅमची एकच पट्टी. आयरिस एक्सई नावाच्या ग्राफिक्सला दोन वाटांनी रॅम लागते. एकच वाट मिळाली तर विंडोज त्याची नोंद साध्या ‘यूएचडी’ म्हणून करतं. स्टिकरवर मात्र मोठंच नाव चिकटलेलं. आणि मेमरीची गंमत बघ: पहिल्या ‘सिम्स’ला ३२ एमबी रॅम पुरत होती. तुझ्याकडे तिच्या २५६ पट आहे. तरी आजोबांना खुर्चीत बसवणं तुला जमलं नाही.

तुला झेपावं म्हणून या गेमने आधीच किती सोडलंय, याची तुला कल्पना आहे? २००९ सालच्या ‘सिम्स ३’मध्ये सगळं गाव एकसंध होतं, घरातून निघून थेट बाजारात जाता यायचं, आणि आपण बघत नसलो तरी शेजाऱ्यांची लग्नं व्हायची, बाळं जन्मायची. सोफ्याच्या कापडालाही हवा तो रंग देता यायचा. विंडोजवर तो गेम ३२ बिटचा, त्यामुळे ४ जीबीपेक्षा जास्त मेमरी त्याला हाताळताच येत नाही, मग लॅपटॉपमध्ये कितीही असो. त्यातून इंटेलच्या बाराव्या पिढीपासून दोन जातींचे कोअर एकत्र नांदायला लागले, ते बघून तो इतका गोंधळतो की चाहत्यांनी केलेली दुरुस्ती बसवल्याशिवाय सुरूच होत नाही. २०१४ साली आलेल्या ‘सिम्स ४’ने एकसंध गावही सोडलं आणि रंगांची चैनही सोडली. आला तेव्हा त्यात पोहण्याचे तलाव नव्हते आणि दुडदुडती मुलं नव्हती. तलाव त्याच वर्षी नोव्हेंबरात आले, मुलं २०१७च्या जानेवारीत. एका घरातून दुसऱ्या घरी जायचं तर मध्ये थांबून वाट बघायची. सेटिंग्जमध्ये तर ‘लॅपटॉप मोड’ नावाची एक चौकटच आहे. तिच्यावर टिक केली की चित्र आणखी साधं होतं. खास तुझ्या नावाने केलेली सोय! भाचीने ती टिक पहिल्याच दिवशी केली होती.

इतकं लिहून झाल्यावर मामाने तुझ्या पेटीतलं बारीक अक्षरांचं माहितीपत्रक काढलं. शिव्यांना आणखी काही सामग्री मिळते का, हे बघायचं होतं. मिळालं ते वेगळंच. वापराचं तापमान: कमाल ३५ अंश सेल्सिअस.

तुझ्यासारख्या बहुतेक हलक्या लॅपटॉपांवर हाच आकडा असतो. नामांकित कंपन्याही तोच देतात. आणि मे महिन्यात अकोल्यात बाहेर ४५ अंशांच्या आसपास असतं. स्लॅबच्या खोलीत, वीज गेल्यावर कूलर बंद पडला की आतही चाळिशी. म्हणजे कागदाप्रमाणे बघायचं तर त्या रविवारी दुपारी तुला कामावर बोलावणंच गैर होतं. उष्णता बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे. बाहेरची हवाच तापलेली असेल तर तुझ्या पंख्याने ओढायचं काय आणि फेकायचं कुठे? त्यात तू गादीवर, हवा घ्यायच्या जाळ्या चादरीत दडपलेल्या. बाळा, तू थिजला नाहीस. तुझा श्वास कोंडला होता.

मग राग कुणावर काढायचा? ज्यांनी तुला बोटभर जाड केलं त्यांच्यावर. चंद्रपूर, अकोला, नागपूर इथे लॅपटॉप विकताना ३५ अंशांची ओळ शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरात छापतात आणि ४.४चा आकडा दर्शनी स्टिकरवर, त्यांच्यावर. पैसे वाचवायला रॅमची एकच पट्टी बसवतात, ती बोर्डालाच झाळून टाकतात म्हणजे पुढे कुणी बदलूही नये, आणि वर विद्यार्थ्यांसाठी उत्तम म्हणून विकतात, त्यांच्यावर. हे गुळमुळीत सांगण्याची गरज नाही: ही लबाडी आहे. वर्षभर पैसे साठवून ज्या मुलीने तुला घेतलं, तिला दुकानात एका माणसानेही सांगितलं नाही की हा दीड तासाच्या गेमसाठी नाही, दीड मिनिटाच्या प्रात्यक्षिकासाठी आहे.

तुझ्या तब्येतीसाठी काही उपाय केले आहेत. गादी बंद, लाकडी पाट सुरू. मागची बाजू दोन पुस्तकांवर उचललेली, जाळ्या मोकळ्या. चित्रांचा वेग सेकंदाला तीसवर बांधलाय, रिझोल्यूशन खाली आणलंय. काका-काकूंचं बिऱ्हाड गावाच्या दुसऱ्या टोकाला हलवलंय. लग्न पुन्हा ठरलंय, या खेपेला रजिस्टर पद्धतीने: साक्षीदार तिघे, जेवण नाही, मुहूर्त पहाटे सहाचा, म्हणजे खोलीत थोडा गारवा असेल. आजोबांना बोलावलेलं नाही. त्यांना त्याचं वाईट वाटलंय.

तब्येतीला जप.

तुझ्या मालकिणीचा,
मामा

ता. क. — भाचीने काल ‘इनझोई’चा ट्रेलर पाहिला. बीजीएमआय काढणाऱ्या क्राफ्टनचाच हा गेम, मार्च २०२५मध्ये अर्ली अॅक्सेसमध्ये आलेला. माणसं अशी की अंगावरचं कापड वाऱ्याने हलताना दिसतं. किमान गरज: १२ जीबी रॅम आणि ६ जीबीचं आरटीएक्स २०६० कार्ड. तिने तुला त्याबद्दल काही विचारलं तर गप्प बैस, आणि चुकूनही पंखा सुरू करू नकोस.