आधी कोट घाला, मग आमचे प्रजाजन व्हा!

सर रुदरफोर्ड ऑल्कॉक,
ब्रिटनचे चीनमधील वकील, पेकिंग, यांस,

1868 साली तुम्ही फर्मान काढलेत की, ब्रिटिश मुलखात जन्मलेल्या चिनी वंशाच्या माणसाला चीनमध्ये ब्रिटिश संरक्षण हवे असेल, तर त्याने चिनी पेहराव सोडावा. तुम्ही मूळचे शल्यवैद्य. कातडीखाली माणूस सारखाच असतो हे ज्याने स्वतःच्या हातांनी पाहिले, त्यानेच राष्ट्रीयत्व शिंप्याच्या हवाली करावे?

राजाच्या भूमीवर जन्मला तो राजाचा प्रजाजन, हा तुमचाच कायदा. पिनांग, मलाक्का, सिंगापूर इथल्या चिनी घरांत जन्मलेली मुले त्याच कायद्याने तुमची झाली. तिथे चिनी व्यापाऱ्यांना अफूचे मक्ते देऊन तिजोरी भरताना त्यांच्या अंगातला झगा तुमच्या सरकारला कधी खुपला नाही. तोच माणूस वाडवडिलांच्या मुलखात, आमॉयच्या धक्क्यावर उतरला, की मात्र कपडे बघून तो कोणाचा ते ठरणार! आमॉय तुम्हाला नवखे नव्हते. तुम्ही स्वतः तिथे नोकरी केली होती. कोट-पाटलोण चढवून त्याने भाऊबंदांत कसे बसायचे, पितरांपुढे कसे वाकायचे? डोक्यावरची वेणी ठेवली तर साहेबी वेष अर्धवट, कापली तर चीनच्या चिंग सरकारच्या लेखी तो बंडखोर.

काही लबाड ब्रिटिश कागद पुढे करून जकात चुकवत, चिनी अंमलदारांपासून निसटत, हे खरे आहे. त्यांना लबाडीबद्दल पकडायचे होते. सगळ्यांचे कपडे कशाला उतरवलेत?

ब्रिटिशांच्या जिब्राल्टरला जन्मलेल्या डॉन पॅसिफिकोचे अथेन्समधले घर जमावाने लुटले, म्हणून 1850 साली तुमचे परराष्ट्रमंत्री पामर्स्टन यांनी आरमार पाठवून ग्रीसची बंदरे रोखली. पॅसिफिको काय नेसतो, हे कोणी विचारले नाही. पुढच्याच वर्षी आमॉयला, जार्डिन मॅथेसन या ब्रिटिश व्यापारी कंपनीत नोकरीला असलेला सिंगापूरचा एक चिनी तरुण गुप्त संघटनेचा म्होरक्या म्हणून पकडला गेला आणि चिनी अंमलदारांच्या ताब्यात छळ होऊन मेला. त्याच्यासाठी आरमार हलले नाही. हा फरक तुमच्या फर्मानाच्या सतरा वर्षे आधीचा. तुम्ही त्याला नियमाचे रूप दिलेत.

चिंग दरबारही धुतल्या तांदळासारखा नव्हता. परदेशी गेलेल्यांना त्याने कित्येक पिढ्या गुन्हेगार मानले आणि सिंगापुरात कॉन्सल नेमला तो थेट 1877 साली. पुढे 1909 साली पेकिंगने कायदा केला की, चिनी बापाचे मूल कुठेही जन्मो, ते चिनीच. म्हणजे सिंगापूरच्या पोरावर आता दोन राज्यांचा दावा झाला.

त्या कायद्याच्या चाळीस वर्षे आधी या माणसांपाठी निःसंदिग्धपणे उभे राहण्याची संधी तुमच्या हातात होती. संरक्षण हा त्यांचा जन्मसिद्ध हक्क होता. तुम्ही तो कपडे बघून वाटलात, आणि त्या अन्यायावर तुमचीच सही आहे.