खिडकीतील पुष्पपेटी : स्थापना, देखभाल व यजमान

विषय : राहत्या घराच्या खिडकीत फुलझाडांची पेटी बसवणे व ती जगवणे.
संदर्भ : आमचे हे.

ज्या गृहिणींचे यजमान मुंबईतली नोकरी आटोपून कायमचे गावी परतले आहेत, त्यांच्या माहितीसाठी सदर सूचना प्रसृत करण्यात येत आहेत. आमच्या शिरोड्याबरोबरच आरवली, रेडी, आसोली इथल्या भगिनींनाही त्या लागू पडाव्यात. वारा तोच, पाऊस तोच आणि निवृत्त माणसंही साधारण त्याच मापाची.

पात्रता. घराभोवती भरपूर मोकळी जागा असणे आवश्यक आहे. जागा नाही म्हणून खिडकीत झाडं लावणारे पुष्कळ असतात, त्यात कौतुक कसलं? आमच्या घराला पुढे खळं आहे, मागे परडं आहे, कुंपणाला माड आहेत, आणि काहीही टाकलं तरी रुजेल अशी माती आहे. एवढं असताना यांनी फुलं लावायला खिडकी निवडली. शेजारच्या काकींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "परड्यात जागा नाय काय गो? झाडां खिडकेत कित्याक?" ह्याचं उत्तर पुढे यथावकाश येईल. तूर्त पेटीकडे वळू.

कलम 1. पेटी. बाजारात प्लॅस्टिकच्या पेट्या मिळतात. त्या दोन उन्हाळ्यांत कडकडतात आणि तिसऱ्या वर्षी हात लावला की तुकडा हातात येतो. जुन्या फणसाच्या फळ्या माळ्यावर असतील तर त्या उतरवाव्यात. खिळे मात्र लोखंडी नकोत. समुद्र जवळ असल्यामुळे लोखंड इथे टिकत नाही. बिजागरीपासून शिलाई मशीनपर्यंत सगळं गंजतं. पितळी किंवा स्टेनलेसचे स्क्रू वापरावेत. लांबी तीन फूट, रुंदी आणि खोली आठ-आठ इंच पुरे. खोली याहून कमी केली तर माती सकाळी ओली नि दुपारी भाजलेली. तळाला बोट जाईल एवढी भोकं पाडावीत आणि त्यांवर फुटक्या कौलाचं खापर पालथं घालावं, म्हणजे पाणी जातं, माती राहते.

ही पेटी भरून, भिजवून झाली की पन्नास किलोंच्या पुढे जाते, हे गृहिणीने आधीच सांगून ठेवावे. नंतर सांगून उपयोग नसतो, कारण तोवर यजमान एका हाताने पेटी धरून दुसऱ्या हाताने "जरा इकडे ये गो" म्हणत असतात. जांभ्याच्या चिऱ्यात नुसता स्क्रू धरत नाही. दगड मऊ आणि सच्छिद्र, भोक हळूहळू सैल होतं. आधी लाकडी गुट्टा ठोकावा, मग त्यात स्क्रू. त्याहून बरं म्हणजे चिऱ्याची भिंत जाड असते, तेव्हा गजाबाहेरच्या कट्ट्यावरच पेटी ठेवावी. हे मी सुचवलं. यांनी ते "अभिप्रायार्थ" घेतलं आणि आठवड्याने स्वतःची कल्पना म्हणून अमलात आणलं.

कलम 2. माती. लाल माती दोन वाटे, कुजलेलं शेणखत एक वाटा, काथ्याचा भुसा एक वाटा. भुसा भिजवून, पिळून, पुन्हा भिजवून घ्यावा. खाडीच्या पाण्यात कुजवलेल्या सोडणांचा असेल तर त्यात मीठ असतं आणि रोपं पानांच्या कडांपासून करपत जातात. वाळू हवी असल्यास व्हाळातली. वेळागरच्या किनाऱ्यावरची वाळू कितीही सुंदर असली तरी ती पायाखालीच ठेवावी.

कलम 3. दिशा. समुद्र पश्चिमेला. म्हणजे पश्चिमेच्या खिडकीला दुपारचं ऊन आणि खारा वारा दोन्ही मिळतात. तिथे सदाफुली आणि चिनी गुलाब तग धरतात. चिनी गुलाब उन्हातच उमलतो, ढग आले की मिटतो आणि दुपार कलली की संपलं. यांना हे कचेरीच्या वेळा पाळणारं झाड वाटतं, म्हणून फार प्रिय. अबोली पूर्वेला ठेवावी; तिला सकाळचं ऊन आवडतं, दुपारचं सोसत नाही.

कलम 4. अबोली. इथे जरा थांबायला हवं, कारण या विषयात मला गती आहे आणि यांना नाही.

अबोली दोन तऱ्हांनी करतात. साध्या अबोलीला बोंडं धरतात. ती वाळली की त्यांवर पाणी पडताच तडकतात आणि बी चार हात लांब उडतं. यांनी पहिल्यांदा झारीने पाणी घातलं तेव्हा 'टक टक' आवाज येऊन चष्म्यावर काहीतरी आपटलं. पेटीत फटाके कोणी ठेवले, याची घरात चौकशी झाली. दुसरी ती दिल्ली अबोली, मोठ्या केशरी फुलांची. तिला बी धरत नाही, फांदी लावूनच वाढवावी लागते. दोघींनाही मुळाशी पाणी साचलेलं खपत नाही. मुळांना सूत्रकृमींच्या गाठी येतात आणि झाड कारण न सांगता खंगत जातं. त्यावर उपाय म्हणजे शेजारी झेंडू लावणे. पेटीच्या दोन टोकांना एकेक झेंडू असावा. फुलांसाठी लावला आहे असं यजमानांना सांगावं, नाहीतर ते मुळं उपटून गाठी मोजायला बसतात.

किलोभर अबोलीला दहा-पंधरा हजार फुलं लागतात. तेव्हा तीन फुटांच्या पेटीतून वळेसार होईल ही आशा सोडावी. तरीही दोन तुरे फुलले की मी चार फुलं केसांत घालते, आणि मग खिडकीकडून आवाज येतो, "ह्या कोणी तोडल्यान?"

कलम 5. सुरंगी पेटीत लावता येत नाही.

या कलमाची गरज पडायला नको होती. आसोली-आरवलीच्या बाजूला वसंतात सुरंगी फुलते, बायका भल्या पहाटे उमलायच्या आत कळ्या काढतात, गजरे सावंतवाडीपर्यंत जातात आणि वाऱ्यावर तो वास आला की माणसाला वाटतं आपल्याही खिडकीत असावी. असावी, पण ते झाड आहे. चांगलं तीस-चाळीस फूट होतं आणि फुलायला कित्येक वर्षं घेतं. यांनी तरीही आवक-जावक वहीत 'सुरंगी, रोप 1, प्रतीक्षेत' अशी नोंद करून ठेवली आहे. होय, वही आहे. प्रत्येक रोपाला क्रमांक आहे. मेलेल्या रोपासमोर लाल शाईत 'निकाली' लिहिलेलं आहे.

कलम 6. खतपाणी. मासे धुतलेलं पाणी उत्तम. बांगडे धुतले की ते पाणी मोरीत न ओतता साध्या पाण्यात मिसळून घालावं, गुलाबही खूश होतो. खाऱ्या सुक्या मासळीचं पाणी मात्र कदापि नको. मांजर त्याच संध्याकाळी पेटी उकरतं, त्यावर बोरीची काटेरी फांदी मातीवर आडवी ठेवावी. पुढे ते त्या फांदीशेजारी झोपतं. याला अजून उपाय सापडलेला नाही.

कलम 7. गोगलगाई. पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन निघावं, हाताने वेचाव्यात. त्यांच्यावर मीठ टाकायची सूचना घरात येईलच, कारण शिरोड्यात मिठाला तोटा नाही. मिठागरं दाराशी, आणि मे 1930 मध्ये या गावाने मिठासाठीच सत्याग्रह केला, लाठ्या खाल्ल्या. ज्या मिठासाठी माणसं तुरुंगात गेली ते गोगलगाईवर उधळणं मला प्रशस्त वाटत नाही, हे एक. दुसरं म्हणजे पेटीतली माती मूठभर. त्यात मीठ मुरलं की गोगलगाय मरते आणि पाठोपाठ अबोलीही.

कलम 8. माकडं. जास्वंद लावू नये. बस्स.

कलम 9. शेजारधर्म. रस्त्याच्या बाजूच्या खिडकीतली फुलं पहाटे पाचला देवासाठी जातात. ज्या गावात वि. स. खांडेकर 1920 पासून 1938 पर्यंत मास्तर होते त्या गावचे आपण, तेव्हा भाषा निर्दोष हवी, असं म्हणून यांनी पाटी रंगवली : 'सदर पुष्पे केवळ अवलोकनार्थ आहेत. खुडताना आढळल्यास यथोचित कार्यवाही करण्यात येईल.' काकींनी पाटी सावकाश वाचली, दोन सदाफुल्या आणि एक तगर परडीत टाकली आणि म्हणाल्या, "देवाक काय मी ह्यो कागद दाखवू?" कार्यवाही अशी झाली की यांनी त्यांना चहाला बोलावलं. आता त्या पहाटेऐवजी साडेसहाला येतात आणि साखर दोन चमचे घेतात.

आता काकींच्या त्या पहिल्या प्रश्नाचं.

आमची भांडुपची जागा घेतली तेव्हा नकाशात खिडकीबाहेर 'फ्लॉवर बेड' दाखवला होता. मुंबईच्या बांधकाम नियमांत 2012 पर्यंत असा फ्लॉवर बेड चटईक्षेत्रात धरत नसत, त्यामुळे बांधणाऱ्यांना तो फार आवडे. आणि घेणारे ताबा मिळताच तो आत ओढून घेत. आम्हीही घेतला. दोन मुलं, सासूबाई, पाव्हणे, गावाहून आलेली तांदळाची पोती. त्या जागेवर कपाट आलं. फुलांच्या त्या हातभर जागेत आयुष्यभर पांघरुणं आणि परीक्षांची गाईडं राहिली. हे कधी एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त रविवारी कपाटातून काही काढायचं असलं की दार उघडून मागच्या भिंतीकडे जरा जास्तच वेळ बघत. मला वाटायचं, ओल आली का ते बघतायत.

परड्यात फुलवलेलं झाड यांच्या लेखी झाड, पण बाग नव्हे. बाग म्हणजे खिडकीबाहेर, आठ इंच.

कलम 10. मिरग. मृग लागायच्या आधी पेट्या पडवीत घ्याव्यात. कौलांवरून पागोळी नेमकी पेटीच्या मध्यावर पडते, एका रात्रीत खड्डा करते, आणि सकाळी चिनी गुलाबाचं सार झालेलं असतं. यजमान म्हणतात, रेनकोट घालू. घालू द्यावा. प्लॅस्टिकखाली आणखी लवकर कुजतं, मग स्वतःच आत घेतात. मागे राहिलेल्या रिकाम्या पेटीत श्रावणात तेरडा आपोआप उगवतो. कोणी लावला नाही, वहीत क्रमांक नाही, मासे-पाणी नाही. चिऱ्यांच्या फटीतही तोच, खळ्याच्या कडेलाही तोच, गौरीला जातोही तोच. यांच्या वहीत त्याची नोंद 'अनधिकृत' अशी आहे. पण उपटत नाहीत. यंदा त्याला काठीही लावली.

कलम 11. निरीक्षण. सर्वांत महत्त्वाचं, आणि कोणत्याही पुस्तकात न सांगितलेलं. झाड उजेडाकडे झुकतं. खिडकीत उजेड बाहेरून येतो, म्हणून फुलं तोंड करतात रस्त्याकडे आणि घरातल्यांना दिसतात देठ. पेटी अधूनमधून फिरवून ठेवता येते, पण पन्नास किलो कोण फिरवणार? यांनी यावर तोडगा काढला आहे. संध्याकाळी खळ्यात खुर्ची टाकतात आणि आपल्याच घराकडे तोंड करून बसतात. पाठीमागे माड, अनंत, बहरलेली कण्हेर, खळ्याच्या कडेची सगळी मोफत फुलं. समोर तीन फुटांची पेटी. येणारे-जाणारे विचारतात, घर विकायचं आहे का?

चहा तिथेच न्यावा लागतो. पाऊस आला की हे आधी पेटीवर छत्री धरतात. खुर्ची आत कोणी घ्यायची, याबाबतचं कलम अजून विचाराधीन आहे.