नाव ऐकलंय का?

तंजावरच्या राजवाड्यात, सरस्वती महालाच्या दाराशी उभं राहून मोठ्याने मराठी बोलू नये. बोललात, की कुठल्यातरी खांबाआडून तो येतो. पांढरी वेष्टी, कपाळाला गंध, खिशाला दोन पेनं, काखेत रबरबँड लावलेली कागदांची पिशवी. घराण्यात तीनशे वर्षं मराठी, रस्त्यावर तमिळ, आणि कुठल्याही भाषेत बोलला तरी बोटं मांडीवर आदितालाचे हिशेब करत असतात. "पुण्याचे की?" हे केवळ नमनाचं तेल. खरा प्रश्न पाठोपाठ येतो.

"वराहप्पय्यांचं नाव ऐकलंत की?"

इथे "नाही" म्हणायचं असतं. "हो" म्हणालात तर त्याचा चेहरा पडतो, वेष्टीची इस्त्री उतरल्यासारखी दिसते आणि तुमचीही सुटका होत नाही, कारण मग तो तुम्हाला ठाऊक नसलेलं नाव सापडेपर्यंत खाली खाली उतरत जातो. "नाही" म्हटलं की गडी खुलतो. वराहप्पय्या तंजावरच्या मराठा राजांच्या दरबारातले मंत्री. मद्रासला गव्हर्नरकडे गेले, तिथल्या बँडमध्ये व्हायोलिन पाहिलं, हातात घेतलं आणि शिकूनच परतले, असं सांगतात. मंत्री राज्याच्या कामाला गेला की वाद्य शिकायला, असं विचारू नये. राज्याचं काम 1799च्या तहानंतर इंग्रजच बघत होते, तेव्हा मंत्र्याने व्हायोलिन वाजवलं यात कुणाचं काही अडलं नसावं.

मी या प्राण्याला 'आठवण्या' म्हणतो. मोठ्या नावांशी त्याचं वैर नाही, त्यांना तो फक्त ओळख दाखवत नाही. तंजावरपासून तासाभराच्या आत तिरुवय्यारु, तिथे त्यागराजांची समाधी, पौष वद्य पंचमीला हजारो लोक एका सुरात पंचरत्न कृती गातात. आठवण्याही जातो. पण कृती सुरू झाल्या की उठून कावेरीच्या काठाने फिरू लागतो. अस्की (म्हणजे सगळ्या) लोकांना पाठ असलेलं त्याने कशाला ऐकायचं? तंजावरच्या चार संगीतकार भावांपैकी वडिवेलूंना स्वाती तिरुनाळ महाराजांनी 1834 साली हस्तिदंती व्हायोलिन दिलं, हे तुम्ही कौतुकाने सांगू जाल, तर तो जांभई देतो. त्याच महाराजांच्या त्रिवेंद्रमच्या दरबारात तंजावरचे मराठी कीर्तनकार मेरुस्वामी होते, त्यांना 'कोकिलकंठ' म्हणत, महाराजांनी त्यांच्या ढंगाच्या कथेसाठी कुचेलोपाख्यान रचलं. त्यांचं काय? हस्तिदंत मिळालं नाही म्हणून विसरायचं?

प्रश्न रास्त आहे, हे कबूल केलं पाहिजे. आपण मराठी नाटकाचा जन्म 1843 साली सांगलीत लावतो आणि विष्णुदास भाव्यांना हार घालून मोकळे होतो. इथे तंजावरचे शहाजीराजे (कारकीर्द 1684 ते 1712) त्याआधी दीडशे वर्षं मराठी नाटकं लिहून बसलेले. दुसऱ्या सरफोजींनी तर मराठीत भूगोलाचं नृत्यनाट्य रचलं, 'देवेंद्र कुरवंजी'. मी हे ऐकून थक्क झालो आणि तसं बोललो. चूक झाली. आठवण्या म्हणाला, "राजे आहेत हो ते. राजांना लक्षात ठेवायला दगड आहेत." बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास 1803 साली मराठीत कोरून ठेवलाय, तिकडे त्याने हनुवटीने खूण केली. "नाटकात मृदंगावर कोण होता, सांगा."

मृदंग हा त्याचा हळवा कोपरा. नारायणस्वामी अप्पा हे नाव घेताना तो आवाज खाली आणतो. तंजावर बाजाचे आद्य पुरुष, महाराष्ट्री घरातले, भजनात आणि कीर्तनात हात तयार झालेला. शिवाय कीर्तनकार मोरगावकर बुवा. बुवा चातुर्मासात तंजावरला कीर्तनं करत. साकी, दिंडी, ओवी, अभंग, आख्यान, मध्ये विनोद, शेवटी आरती. ते ऐकून कृष्ण भागवतारांनी मराठी सांगाड्यावर कर्नाटक संगीत चढवलं आणि दक्षिणेची हरिकथा आजच्या रूपात उभी राहिली. गंमत अशी की 1855 साली राज्य खालसा झालं, दरबारचे कलावंत मद्रास-म्हैसूरच्या वाटेला लागले, आणि बुवांची दिंडी मात्र त्यानंतर तमिळ देशभर चालली.

"तो अभंग कसा गात असत बुवा?" मी एकदा विचारलं. आठवण्याने डोळे मिटले, चुटकी वाजवली आणि गायला. मग मेरुस्वामी गायले. मग सरफोजींच्या निरूपणातला तुकडा. तिन्हींची चाल एकच निघाली. चौथ्या वेळी मीच आधी गुणगुणू लागलो, तेव्हा त्याने प्रसन्न होऊन "तुम्हाला परंपरेचा कान आहे" असं प्रशस्तिपत्र दिलं. त्या काळी ध्वनिमुद्रण नव्हतं, याचं सगळे दुःख करतात. आठवण्याच्या दृष्टीने ती मोठीच सोय झाली.

त्याच्यावर खरं संकट येतं ते कुणी प्रसिद्ध झाल्यावर. अब्राहम पंडितर हे त्याचं जुनं दैवत. सिद्ध वैद्य, औषधाच्या कमाईतून 1912पासून तंजावरला संगीत परिषदा भरवल्या, 1917 साली 'करुणामृत सागरम्' नावाचा प्रचंड ग्रंथ छापला. वर्षानुवर्षं आठवण्या लोकांना गाठून विचारायचा, "पंडितर ठाऊक आहेत?" हल्ली कॉलेजातली पोरंसोरं त्यांच्यावर व्हिडिओ करतात. एका पोराने उलट त्यालाच समजावून सांगायला सुरुवात केली. त्या दिवसापासून पंडितर पिशवीतून गेले. "चांगले होते," एवढंच म्हणतो, दूरच्या नातेवाइकाबद्दल म्हणावं तसं.

परवा कुंभकोणमहून दुसरा आठवण्या आला. कापीच्या दुकानात दोघे समोरासमोर, मध्ये दोन डबरा-टंबलर. कुंभकोणमने मेरुस्वामी टाकले. आमच्याने मान हलवली. आमच्याने अप्पा टाकले. त्याने फेस फुंकला. "नाही" म्हणणं शक्य नाही, "हो" म्हणावं तर समोरच्याची मजा जाते, म्हणून दोघेही "हं" म्हणत खाली उतरत होते. बुवांचा झांजवाला झाला, धृपद धरणारा झाला, मृदंग डोक्यावर वाहणारा झाला. शेवटी कुंभकोणमने घसा साफ केला.

"बुवांच्या कीर्तनात समईत तेल घालणारा एक पोरगा होता."

आमचा गप्प. मग हळूच पेन काढलं, वही उघडली. "सांगा नाव."

"तेच तुम्हाला विचारायला आलो."

दोघांच्या चेहऱ्यांवर असा आनंद पसरला की मला उगाच तिथून उठावंसं वाटलं. लगेच आणखी दोन कापी मागवल्या गेल्या, वहीचं नवं पान उघडलं. निघताना चारच्या चार टंबलरांचे पैसे मी दिले. ते द्यायचे असतात, याची दोघांनाही आठवण झाली नाही.