टायरवाल्यांचे तारे

कार्टमेलला जाऊन आल्यापासून मी चारचौघांत ‘आमच्या कंब्रियात’ असं बोलू लागलो आहे. तिथल्या जुन्या लोहारशाळेत सायमन रोगन यांनी 2002 साली ‘लाँक्लूम’ हे रेस्टॉरंट काढलं आणि 2022 मध्ये त्याला मिशेलिनचा तिसरा तारा मिळाला. उत्तर इंग्लंडात हा मान त्याआधी कुणालाच नव्हता. भाजीपाला येतो स्वतःच्या शेतातून. त्या दारासमोरचा माझा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. आत जेवलो, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. ‘कसं होतं?’ या प्रश्नाला ‘शब्द नाहीत’ असं उत्तर दिलं, आणि ते अक्षरशः खरं होतं. मुलीने बिलाचा अंदाज सांगितल्यावर माझी भूकच मेली होती. गावातल्या दुकानातलं स्टिकी टॉफी पुडिंग तेवढं खाल्लं.

मिशेलिन म्हणजे मुळात टायरवाले, हे मला फार आवडतं. 1900 साली फ्रान्सात मोटारी जेमतेम काही हजार. माणसं हिंडली नाहीत तर टायर झिजणार कसे, आणि झिजले नाहीत तर खपणार कसे? म्हणून आंद्रे आणि एदुआर या भावांनी मोटारवाल्यांना मार्गदर्शिका फुकट वाटली. तारे आले 1926 पासून. एक तारा म्हणजे उत्तम. दोन म्हणजे वाट वाकडी करून जावं. तीन म्हणजे केवळ जेवायला प्रवासाला निघावं. नीट पाहिलं तर हा टायर झिजवण्याचाच चढता क्रम आहे! आम्ही प्रेस्टनहून कार्टमेलला गेलो आणि तारांकित घास न घेता परतलो. कंपनीच्या मूळ हेतूच्या दृष्टीने आमच्याइतके आदर्श गिऱ्हाईक शोधून सापडायचे नाहीत.

त्यांचे परीक्षक म्हणे ओळख लपवून येतात आणि बिल स्वतः भरतात. बिल स्वतः भरण्याचा अनुभव मला दांडगा असल्यामुळे दुसऱ्या दिवशी एका खेड्यातल्या पबमध्ये मी एकटाच कोपऱ्यात बसलो, वही काढली, प्रत्येक घासाला भुवई उचलली आणि काहीतरी खरडलं. वाढणाऱ्या मुलीची चलबिचल माझ्या लक्षात आली. थोड्या वेळाने ती जवळ येऊन हळूच म्हणाली, “सर, फ्रिजचं तापमान आत्ताच तपासलंय.” तिने मला कौन्सिलचा स्वच्छता निरीक्षक ठरवलं होतं. दारावर 5 पैकी 5 गुणांचं हिरवं स्टिकर होतं. तेही तिने दाखवलं.

मग मालकच आला. मी खात होतो ते मटण हर्डविक मेंढीचं, इथल्याच डोंगरावरचं. कुठल्या खोऱ्यातलं, ते मेनूत छापलेलं होतं. “आणि मेंढ्या यांच्या,” म्हणत त्याने बारपाशी बिअर पीत बसलेल्या आजोबांकडे बोट केलं. आजोबांनी नुसती मान हलवली.

मला चक्क राग आला, तोही आमच्याच लोकांचा. इंग्रजांनाही बराच काळ भारी जेवण म्हणजे फ्रेंचच वाटायचं. ब्रे गावात रू बंधूंनी 1972 मध्ये थाटलेल्या ‘वॉटरसाइड इन’ला 1985 मध्ये तिसरा तारा मिळाला, तोही फ्रेंच स्वयंपाकावर. पण आता तेच लोक गाजराचंसुद्धा गाव सांगतात. आणि आमच्या कोकणात पाहुणा आला की त्याला हायवेवर नेऊन पनीर बटर मसाला खिलवायचा! पाहुण्यांची चाहूल लागली की आई कुळथाच्या पिठल्याचं पातेलं झाकून आत सरकवायची. कुळीथ घरच्या शेतातला, कोकम परसातलं, आणि लाज मात्र तिला. तिच्या हातचं ते पिठलं कुणा परक्याने कधी चाखलंच नाही.

हे सगळं मी तिथेच वहीत भराभरा लिहीत होतो. निघताना मालकाने अदबीने विचारलं, “बघू का, काय लिहिलंत?” मी मोठ्या ऐटीत वही पुढे केली. तो बराच वेळ पानं उलटत राहिला. प्रत्येक शब्दावरून गेलेली आडवी रेघ पाहून त्याचा चेहरा उतरला.

“सगळंच खोडलंत?” तो म्हणाला. “मटण इतकं वाईट होतं?”