सांडू नका!

परवा सकाळी ओट्यावर उभा राहून दात घासत होतो. चूळ भरली, गाल फुगवले आणि आता रस्त्यावर पिचकारी मारणार, तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली, "सांडू नका!" दचकून मी चूळ गिळली. गुरुजी भिंतीवरून डोकावले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही, हातातल्या पेस्टकडे बघितलं. "मिठाची तर नाही ना ती? मिठाचं पाणी झाडाला चालत नाही. साधी असंल तर कण्हेरीच्या बुडाला टाकत जा."

हा माणूस तुम्हाला नवा नाही. तुमच्याकडचा कदाचित चहाचा चोथा मागायला येत असेल, नाहीतर लग्नाच्या मांडवातून झेंडूच्या माळा पिशवीत भरून नेत असेल. आमच्या हसनाबादचा पाणी गोळा करतो. बाग म्हणावी तर अंगण दोन बाजांएवढं. त्यात तेलाचे डबे, टायर, फुटके माठ आणि नातवाचं जुनं दप्तर, ज्यात मेथी आहे.

गुरुजींचे कान भारी. आमच्या हिनं स्वयंपाकघरात डाळ धुवायला घेतली की पलीकडून प्रश्न येतो, "तूर का मूग?" आमच्याकडे आज काय शिजतंय हे गल्लीला गुरुजींकडून कळतं. वाटप ठरलेलं आहे. डाळ-तांदळाचं धुवण गुलाबाला, भांड्यांचं केळीला, न्हाणीचं अळूला. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यानं पेल्यात घोटभर पाणी ठेवलं तर तो घोट कोणाचा, यावरूनही एकदा बोलाचाली झाली आहे.

अंगारकीला राजूरच्या गणपतीला पायी निघालेल्या लोकांसाठी त्यांनी दारात पाणपोई लावली, तेव्हा सगळी गल्ली चकित झाली. गुरुजी आणि फुकट पाणी! मी जवळ जाऊन बघितलं. रांजण अगदी ओट्याच्या कडेला होता आणि खाली केळीचं आळं. जो तो हात धुणार, तोंडावर पाणी मारणार, ते सरळ केळीला. "पुण्य त्यांना, पाणी मला," गुरुजी म्हणाले. 2016 साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, तेव्हा सगळे टीव्हीवर डबे मोजत होते. गुरुजी पडद्याला नाक लावून एखादी तोटी ठिबकते का ते शोधत होते.

तर उन्हाळ्यात हा माणूस असा. मग पावसाळ्यात सुखी असेल? छे. गुरुजी गणिताचे. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. त्यांचा पत्रा चाळीस चौरस मीटरचा. वर्षाला साडेसहाशे मिलिमीटर धरला तर सव्वीस हजार लिटर. आणि ड्रम तीन, दोनशे-दोनशेचे. म्हणजे पंधरा मिलिमीटरला तिन्ही तुडुंब. मृगाची एक चांगली सर झाली की गुरुजींचा पावसाळा संपतो आणि सुतक लागतं. पुढे हस्तापर्यंत ते पन्हाळाखाली पातेली, कुकर, तांबे मांडत, डोक्यावर पोतं घेऊन हळहळत फिरतात. "सांडायलंय हो, सगळं सांडायलंय!" हे ते आभाळाला म्हणतात. आणि भरलेली भांडी रिकामी कुठं करायची? कुंड्यांत. गेल्या श्रावणात त्यांची कोरफड मुळापासून कुजली. मराठवाड्यात कोरफड पाण्यानं मारून दाखवणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.

हिवाळ्याचं विशेष नाही. मेथी, शेपू, चुका चांगला येतो, गुरुजी आजारी असल्यासारखे गप्प असतात. एकदा मात्र त्यांनी संकरित दुधीचं बी धरलं. बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 साली महिको काढली, तेव्हापासून जालना बियाण्यांसाठी ओळखलं जातं. संकरित बियाणं दर हंगामाला नवं घ्यायचं असतं हे इथं पोरासोरांनाही कळतं. पण बी टाकून द्यायचं म्हणजे सांडणंच की! राखेत घोळून, चिंधीत बांधून ठेवलं. पुढच्या वर्षी मांडवावर एक दुधी काठीसारखा, एक तंबोऱ्यासारखा आणि एक कडू जहर. कडू निघाला तो त्यांनी वाळवला, पोखरला, भोकं पाडली आणि त्याची झारी केली.

या मे महिन्यात आम्ही पंधरा दिवस पुण्याला लेकीकडे होतो. अंगणातली तुळस आणि मोसंबीचं पोरसवदा रोप यांच्यावर मी पाणी सोडलं होतं, म्हणजे आशा सोडली होती. 2012-13 च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यात उभ्या मोसंबीच्या बागा वाळताना बघितल्यात, एका रोपाचं काय. परत येऊन फाटक उघडलं तर दोन्ही हिरवीगार. बाजूला रोवलेल्या काठ्यांवर सलाईनच्या बाटल्या उलट्या टांगलेल्या, बूड कापून, नळीसकट. गुरुजींच्या अंगणात त्या कधीच्या आहेत. "गुरुजी, झाडं आयसीयूत का?" हा माझा ठरलेला विनोद. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "मिनिटाला सात थेंब. पाचशे मिलीची बाटली दिवसभर पुरते."

मी मोसंबीची बाटली नीट करायला हातात घेतली. तिला चिकटपट्टीचा पिवळा पडलेला तुकडा होता. त्यावर निळ्या पेनानं, पाण्यानं फुटलेल्या अक्षरांत, खाट नंबर, '8 ते 2' आणि काकूंचं नाव.

काकूंना जाऊन तीन वर्षं झाली.

गुरुजी भिंतीशी येऊन उभे होते. "तेवीस होत्या," ते म्हणाले. "नर्सबाई टोपलीत टाकायल्या होत्या. म्हटलं, काहून टाकता, द्या."

मला काही सुचेना. म्हणून उगाच विचारलं, "सगळ्या रिकाम्या होत्या?"

"शेवटची अर्धीच गेली होती." त्यांनी भिंतीवरून हात घालून नळीचं चाक अंगठ्यानं मागं-पुढं केलं, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. "ती सांडली. मिठाचं पाणी, झाडाला चालत नाही."

आणि ते थेंब मोजायला लागले.