तीस जूनपर्यंतचा पाय: एका फुटबॉलपटूस अनावृत पत्र

रा. रा. करार संपत आलेले फुटबॉलपटू यांस,
मुक्काम राखीव खेळाडूंचं बाकडं.



तुम्ही खेळायला नकार दिलात ही बातमी कळताच नाशकात, विशेषतः गंगापूर रोडवर, संतापाची लाट उसळली. लाट म्हणजे आम्ही चौघं. पण रात्री साडेबाराच्या सामन्यासाठी जागणारे, घरचे उठू नयेत म्हणून तोंडावर उशी धरून गोल साजरे करणारे आणि सकाळी सातच्या शिफ्टला अंबडला हजर होणारे चौघं! तेव्हा आकडा लहान म्हणून संताप लहान समजू नये. करार महिन्याभरात संपतोय, पाय सांभाळायचाय, सबब मैदानात उतरणार नाही, असं तुम्ही प्रशिक्षकांना सांगितलंत म्हणे. जनाची नाही तर मनाची?

तुमच्या जमातीची ही खोड साथीच्या वर्षी जगासमोर आली. १३ मार्च २०२० ला थांबलेली इंग्लंडची प्रीमियर लीग १७ जूनला पुन्हा सुरू झाली. हंगाम लांबला, करार लांबले नाहीत. ते दरवर्षीप्रमाणे ३० जूनला संपणार होते. फिफाने सुचवलं की हंगाम संपेपर्यंत करार वाढवा, पण सुचवण्यापलीकडे तिच्या हातात काही नव्हतं. बोर्नमथच्या रायन फ्रेझरने तेवढी छोटीशी मुदतवाढ नाकारली. खालच्या विभागातल्या चार्ल्टनच्या लाइल टेलरने तर करार शिल्लक असतानाच सांगून टाकलं की उरलेले सामने खेळणार नाही. गृहस्थ तिशीचा, बरीच वर्षं तळाच्या विभागांत घासलेला. आयुष्य बदलेल असा मोठा करार पहिल्यांदाच समोर दिसत होता आणि नेमका तेव्हाच गुडघा गेला तर, ही त्याची भीती. हंगाम संपला तेव्हा बोर्नमथ एका गुणाने खाली घसरले. चार्ल्टनही एकाच गुणाने. फ्रेझर न्यूकॅसलला गेला, टेलर नॉटिंगहॅम फॉरेस्टला, आणि आम्ही दोघांना नाशकातून शिव्या घातल्या. बोर्नमथ त्या हंगामात ३८ पैकी २२ सामने हरले होते, हा तपशील आमच्यातल्या एका चोखंदळ सदस्याने काढला, तेव्हा त्याला गप्प बसवण्यात आलं. बावीस पराभवांपेक्षा एक स्वार्थी माणूस लक्षात ठेवायला सोपा असतो.

आता तुम्ही क्लबांकडे बोट दाखवाल. दरवर्षी हंगाम संपला की इंग्लंडचे क्लब एक यादी काढतात: कोणाला ठेवलं, कोणाला मोकळं केलं. मोकळं केलेल्यांत दहा-दहा वर्षं राबलेले असतात, एकोणिसाव्या वर्षी गुडघ्याला पट्टा बांधलेली पोरंही असतात. त्यांना कोणी निष्ठेबद्दल विचारत नाही. पुढच्या वाटचालीस शुभेच्छा देतात. पण क्लब ही संस्था आहे हो. संस्थेचा असतो तो निर्णय, माणसाचा असतो तो स्वार्थ. हे तुम्हाला कळत नसेल तर तुम्ही फार लहानपणापासून फुटबॉलच खेळत आहात.

आणि करार संपला की मोकळं होण्याचा हा हक्क तरी तुम्हाला कोणी दिला? बेल्जियमच्या जाँ-मार्क बॉसमनने. १९९० मध्ये त्याचा लिएजशी असलेला करार संपला. क्लबने नवा देऊ केला तो महिना १,२०,००० फ्रँकऐवजी ३०,००० चा. आमच्या निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाचा व्यापारी बागेवर येऊन भाव ठरवतो आणि अवकाळी पडला की निम्म्यावर येतो, पण चौथाईवर यायला त्यालाही थोडी लाज वाटते. बॉसमनला फ्रान्सच्या डंकर्कला जायचं होतं, तर लिएज म्हणे हस्तांतराचे पैसे आणा. म्हणजे करार संपलेला, पगार चौथाई, आणि माणूस तरीही क्लबच्या मालकीचा! तो कोर्टात गेला, १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयात जिंकला, आणि तोवर त्याची उमेदीची वर्षं संपली होती. आज शेवटच्या सहा महिन्यांत तुम्ही दुसऱ्या क्लबशी उजळ माथ्याने बोलणी करता, वर पाय जपता. बॉसमनचे उपकार मानायचे सोडून त्याच्या निकालाचा चक्क वापर करता?

तुम्हाला खरी शिकवण हवी असेल तर भारताकडे बघा. इथे खेळाडू नकार देत नाही. इथे लीगच नकार देते.

डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा, ७०० कोटींचा करार केला. त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. करार संपायची तारीख ८ डिसेंबर २०२५. हंगाम सुरू व्हायचा सप्टेंबरात. म्हणजे जेमतेम एक तृतीयांश हंगाम कराराच्या आत, उरलेला बाहेर. ११ जुलै २०२५ ला लीग चालवणाऱ्या कंपनीने महासंघाला आणि क्लबांना कळवलं की पुढचं ठरत नाही तोवर हंगाम स्थगित. हिशेब अगदी फ्रेझरचाच: कराराबाहेरच्या दिवसांची जोखीम मी का घेऊ? फरक इतकाच की फ्रेझरला आम्ही पळपुटा म्हटलं आणि कंपनीच्या बाबतीत मान डोलावून म्हणालो, धंदा आहे, विचार करावाच लागतो.

महासंघाची बाजू म्हणाल तर त्याची घटना सर्वोच्च न्यायालयात अडकलेली, आणि निकालापर्यंत नव्या कराराची बोलणी करू नका असा आदेश. ऑगस्टमध्ये बंगळुरूने खेळाडूंचे पगार थांबवले, ओडिशाने करारच स्थगित केले. सप्टेंबरात न्यायालयाने घटनेला मंजुरी दिली, मग व्यावसायिक हक्कांची निविदा निघाली, आणि ७ नोव्हेंबरला मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. निविदेला एकच ठेकेदार येणं आम्हा नाशिककरांच्या परिचयाचं आहे. शून्य मात्र आम्हीही पाहिलं नव्हतं. या सगळ्या काळात खेळाडू काय करत होते? विनवण्या. आम्हाला खेळू द्या, अशी पत्रकं काढत होते. २ जानेवारी २०२६ ला सुनील छेत्री, संदेश झिंगन, गुरप्रीतसिंग संधू यांनी थेट फिफालाच साकडं घातलं. आमच्या चौघांपैकी एकाचंही रक्त तेव्हा खवळलं नाही, कारण टीव्हीवर दुसरं काहीतरी चालू होतं.

मुंबई सिटी हा तर आपला, महाराष्ट्राचा संघ. पंचवटी एक्स्प्रेसने दादर, तिथून लोकलने अंधेरी, असा प्रवास करून आम्ही त्याच्यासाठी घसा बसवलाय. मँचेस्टर सिटीवाल्या समूहाने २०१९ मध्ये त्याचा ६५ टक्के वाटा घेतला तेव्हा आम्ही स्वतःला मँचेस्टरचे सोयरे समजू लागलो. लीगचं भविष्य अंधारात दिसताच २६ डिसेंबर २०२५ ला सोयऱ्यांनी काढता पाय घेतला. अखेर १४ फेब्रुवारीला लीग सुरू झाली: १४ संघ, प्रत्येकाशी एकदाच गाठ, ९१ सामने. पाय सगळे खेळाडूंचेच होते.

निष्ठेचे धडे हवेत तर नाशकातच या. आमच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढचा सामना थेट १५ जानेवारी २०२६ ला झाला. मधली जवळजवळ चार वर्षं मैदानावर प्रशासक एकटेच पास देत होते आणि स्वतःच घेत होते. मतदानाच्या तोंडावर आमची हस्तांतर खिडकी उघडली. २४ डिसेंबरला ठाकरे बंधूंच्या युतीचा जल्लोष करणारे दोन माजी महापौर २५ डिसेंबरला भाजपमध्ये दाखल झाले. हस्तांतर शुल्क नाही, वैद्यकीय तपासणी नाही, नवी जर्सी शिवायला वेळसुद्धा नाही. बॉसमनला पाच वर्षं लागली, आमच्याकडे एक रात्र पुरली. आणि एवढं करून दोघंही मैदानात उतरायला उत्सुक! पाय दुखावेल अशी भीती नाही, करार संपतोय म्हणून कुरकुर नाही. याला म्हणतात व्यावसायिकता.

चाहत्यांचं विचाराल तर आमची निष्ठा वादातीत आहे. २०१३ मध्ये मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक फर्ग्युसन निवृत्त झाले तेव्हा आमच्यातल्या एकाने युनायटेडची जर्सी भाच्याला देऊन टाकली, आणि पुढे सिटी, लिव्हरपूल, पुन्हा सिटी अशी वाटचाल केली. पण चाहत्याचा करार नसतो, त्यामुळे तो मोडण्याचा प्रश्नच येत नाही.

असो. तरीही तुम्ही आमचे लाडके आहात, म्हणून तोडगा सुचवतो. ३० जूनपर्यंत निमूट खेळा. पाय शाबूत राहिला तर १ जुलैला जिथे जाल तिथे आम्ही तुम्हाला गद्दार म्हणू. त्या शब्दाचा आम्हाला अलीकडे पुष्कळ सराव झालाय. गुडघ्याचं लिगामेंट गेलंच, तर नऊ महिने घरी बसा. नवा क्लब देऊ केलेला करार मागे घेईल, त्याचं मनाला लावून घेऊ नका. जुना क्लब समाजमाध्यमांवर तुमचा काळा-पांढरा फोटो टाकील, त्यावर ‘लवकर बरे व्हा’ लिहील, आणि खाली आम्ही चौघं हात जोडल्याची चिन्हं टाकू. प्रत्येकी एक.

होकार उलट टपाली कळवावा.

आपला निष्ठावंत चाहता,
नाशिक
(सध्या कोणत्या क्लबचा, ते ऑगस्टमध्ये कळवतो.)